चार नंबरची नळी

१

"हे जाळं आपल्यापैकी कुणाचं तरी आहे," टाम सिफू म्हणाले आणि त्यांनी हातातला लिंबाचा गार चहा टेबलावर ठेवून दिला.

हा माणूस चहा अर्धवट सोडत नाही. अकरा वर्षं बघतेय मी. तेव्हाच मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

भिंतीवरच्या पडद्यावर ठिपके आणि रेघा होत्या. बाहेरच्या माणसाला तो कोळिष्टकाचा फोटो वाटला असता. आमचं रोजचं कामच ते. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला जो कॅन्सर होतो, त्यातली जनुकं कोण कुणाच्या तालावर नाचतात, याचा हाँगकाँगच्या एका इस्पितळात बसून आम्ही शोध घेतो. जनुक आपल्या मनानं बोलत नाही. त्याला कुणीतरी बोलायला लावतं, कुणीतरी गप्प बसवतं. कोण कुणाला बोलायला लावतं त्याच्या रेघा ओढल्या की जाळं तयार होतं. या रोगात एका विषाणूचा हात असतो. तो आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि झोपून राहतो. एखाद्याच्या अंगात मात्र नको तिथे मुकादम होऊन बसतो आणि चाळीसेक जनुकं त्याच्या हुकमावर एका सुरात ओरडायला लागतात.

पडद्यावर ती चाळीस ओरडत होती.

"रोजच बघतो की हे," चिंग-हेइ म्हणाली. आमच्यात सगळ्यात लहान, सत्तावीस वर्षांची, तोंडाने फटकळ. "पेशंटचं असणार."

"पेशंटचं नाही, बाई. निरोग्यांच्या डब्यातलं आहे. चार नंबरची नळी."

पाच महिन्यांपूर्वी, पेशंटांशी तुलना करायला निरोगी माणसं हवी होती, म्हणून आम्हीच सहा जणांनी एका दुपारी ओळीने बसून नाकातून काडी घालून घेतली होती. नळ्यांवर नावं नव्हती, फक्त एक ते सहा आकडे. कुठला आकडा कुणाचा, ते नोंदवहीच्या एकाच पानावर होतं.

"मग बघा ना वहीत," आमचे प्रमुख सेटो सर म्हणाले.

लो-बाकांनी कपाट उघडून वही आणली. लो-बाक म्हणजे आमचे भांडारवाले काका, दोन वर्षांत निवृत्त होणारे. त्यांनी पान उलटलं, परत उलटलं, मग वही आमच्यापुढे धरली.

ते पान कुणीतरी फाडून नेलं होतं.

२

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजरा चुकवल्या. माझी नजर तर जमिनीवरच होती. कारण मला एक गोष्ट पक्की आठवत होती. त्या दुपारी त्या खुर्चीत चौथी बसली होती ती मीच, यिउ पुई-शान, इथे सगळ्यांची आ-शान.

माझे वडील याच रोगाने गेले. मी सोळा वर्षांची होते. आधी मानेला एक गाठ आली, सुपारीएवढी. "दाढेचं काहीतरी असेल," म्हणत त्यांनी चार महिने घालवले आणि त्या चार महिन्यांतच सगळं हातचं गेलं. लवकर सापडला तर हा रोग किरणांनी पार बरा होतो, हे मी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कागदावर टाइप करते. आणि गेल्या पंधरवड्यात दोनदा नाक शिंकरताना माझ्या रुमालावर रक्त आलं होतं. एसीची हवा कोरडी आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

"कपाटाची चावी कुणाकडे असते?" सिफूंनी विचारलं. सिफू म्हणजे उस्ताद. आमच्याकडे नळ दुरुस्त करणाऱ्यालाही सिफूच म्हणतात, आणि टाम सिफू म्हणतात की आपलं कामही तेच, गळती शोधायचं.

"खिळ्याला टांगलेली असते," लो-बाक म्हणाले. "कुणीही घ्यावी. माझ्याकडे असं बघू नका हं! मी काय पान खाल्लं?"

"हे बघा," सेटो सरांनी घड्याळ पाहिलं. "उद्या सगळं काम छापायला पाठवायचंय. नळीत पेशंटचा नमुना मिसळला असणार. पाच वाजता ती नळी बाद करतो आणि टाकून देतो. विषय संपला."

"मिसळला नाही," सिफू म्हणाले. "साठही पेशंटांशी ताडून पाहिलं. एकाशीही जुळत नाही. आणि हे जाळं लहान आहे, सर. आत्ता कुठे सुरुवात आहे. ज्याचं असेल त्याला आज कळलं तर तो वाचेल. नळी टाकलीत तर तो मानेला गाठ आल्यावरच डॉक्टरकडे जाईल."

गाठ हा शब्द ऐकताच माझा हात मानेकडे गेला.

"अरे, आधी सगळ्यांनी खाऊन तर घ्या!" पून-जे म्हणाली आणि तिने लाल डबा पुढे सरकवला. पून-जे म्हणजे आमची सगळ्यांची थोरली बहीण. बावीस वर्षं या इस्पितळात नर्स, आमच्या नाकांत काड्या घातल्या त्या तिनेच. दहा दिवसांवर तिच्या मुलीचं लग्न आलं होतं, म्हणून मुलीकडच्यांनी वाटायची ती पेढ्यांसारखी पिवळी मिठाई ती आठवडाभर वाटत सुटली होती.

"पून-जे, भूक नाही गं," मी हळूच म्हणाले.

"काय? इकडून बोल, या कानात पाणी गेलंय मेलं." तिने डावा कान पुढे केला.

"काही नाही."

"मग खा."

मी मिठाई तोंडात घातली. सिफू माझ्याकडे पाहत होते.

"पाच वाजेपर्यंत वेळ आहे ना?" ते म्हणाले. "मग मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो. आधी तू ये, आ-शान."

३

सिफूंच्या खोलीत तीन संगणक आणि बनपावाचा चुरा. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"त्या दिवशी तुझ्या आधी कोण बसलं होतं?"

"आठवत नाही." माझ्या तोंडून ते इतक्या पटकन निघालं, की मलाच लाज वाटली.

"बरं. जा."

बस्स, एवढंच! मी दाराबाहेरच घुटमळत राहिले. आतलं सगळं ऐकू येत होतं आणि मी निर्लज्जपणे ऐकत होते.

लो-बाक म्हणाले, "पहिले तुम्हीच बसलात, सिफू. शिंकलात ते अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. तुमच्यानंतर मी."

चिंग-हेइ म्हणाली, "माझ्या आधी लो-बाक. माझ्यानंतर आ-शान. तिचा हात धरून ठेवावा लागला होता, इतकी घाबरली होती."

झालं. माझं खोटं पाच मिनिटंही टिकलं नाही.

सेटो सर म्हणाले, "आ-शाननंतर मी. घाईत होतो. आणि हे सगळं कशासाठी चाललंय, टाम?"

पून-जे म्हणाली, "मी सगळ्यांचं उरकलं आणि शेवटी बसले. स्वतःच्या नाकात स्वतःच काडी घातली, आरशात बघून. तुमच्यातला एक तरी मदतीला आला का? सगळे नाक चोळत चहाला पळालात."

"नळ्यांवरचे आकडे?"

"छापील चिकटपट्ट्या होत्या, एक ते सहा. मीच लावल्या."

"लावताना कुणी पाहिलं?"

"नाकात काडी गेलेला माणूस डोळे उघडे ठेवतो का, सिफू?"

मग सिफूंनी आम्हाला पुन्हा एकत्र बोलावलं.

"आता नळी काय सांगते ते ऐका. एक, ती बाई आहे. बायकांच्या पेशीत एक जनुक सतत बोलत असतं, पुरुषांत ते मुकं. चार नंबरमध्ये ते बोलतंय, आणि पुरुषांची म्हणून जी दोनचार बडबडी जनुकं असतात ती तिथे नाहीतच. म्हणजे मी, लो-बाक आणि सर सुटलो. दोन, ही बाई धुरात वावरते. अंगात धूर गेला की काही जनुकं उठून झाडलोट करायला लागतात. ती इथे जोरात आहेत."

लो-बाकांनी चिंग-हेइकडे पाहिलं. सगळ्यांनाच माहीत होतं, ती जिन्यात जाऊन सिगारेट ओढते.

"माझ्याकडे काय बघताय?" ती किंचाळली. "पून-जे रोज नवऱ्याच्या फोटोपुढे उदबत्त्यांची जुडी लावते, तिच्या बाह्यांना वास येतो! आणि आ-शानच्या घरी? तिची आई तर वडिलांसाठी दिवसभर जाळते. तो धूर नाही का?"

"धूरच आहे," सिफू म्हणाले. "तुम्ही तिघीही बसता त्यात. सोपा मार्ग एकच. तिघींनी आत्ता वर जाऊन तपासून घ्या."

"मी नाही जाणार," चिंग-हेइ रडायला लागली. "मला कळायलाच नकोय."

"जाऊ की," पून-जे म्हणाली. "लग्न होऊ दे, मग निवांत जाऊ."

मी खिशातला रुमाल आणखी आत कोंबला. जबरदस्ती कुणावर करता येत नव्हती, तसा नियमच आहे.

सेटो सरांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन वाजले होते. मग त्यांनी डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. ओळ त्यांनीही मोजली होती. सिफू, लो-बाक, चिंग-हेइ आणि चौथी मी.

५

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात मान चाचपली. उजवीकडे काही नाही. डावीकडे काही नाही. परत उजवीकडे. दाबून दाबून कातडी लाल झाली, तेव्हा कुठे थांबले.

खरं सांगते, त्या क्षणी मी काय मागितलं ते. देवा, चिंग-हेइ असू दे, असं मागितलं. मग वाटलं, ती पोर आहे, तिच्या पुढे सगळं आयुष्य आहे. मग पून-जे असू दे, म्हटलं. ती साठीला आली, तिचं सगळं झालंय. अकरा वर्षं जिने मला आजारपणात पेज करून आणली, तिच्यासाठी मी हे मागितलं. भीती माणसाला किती खाली नेते, ते मला त्या दुपारी कळलं.

बाहेर आले तर सिफू दाराशीच उभे.

"खोटं बोललीस."

"हो." मला रडू फुटलं. "मी चौथी होते, सिफू. वडिलांचं सगळं बघितलंय मी. मला तसं जायचं नाही हो. आई एकटी आहे."

"पान तू फाडलंस?"

"नाही! आईची शपथ. मला तर वाटलं सरांनी फाडलं, काम अडू नये म्हणून. किंवा चिंग-हेइने."

"सरांना पान फाडायची गरज काय? ते नळीच टाकून देतायत. आणि चिंग-हेइला कळून घ्यायचंच नाही. पान फाडणाऱ्याला ते आधी वाचावं लागतं. वाचल्यावर लपवावंसं वाटलं, म्हणजे चारपुढे त्याच माणसाचं नाव असणार." त्यांनी हातातला कागद माझ्यापुढे धरला. "रडणं थांबव आणि हे बघ. सहाही नळ्यांमध्ये बाई की पुरुष, ते काढलंय. पहिली पुरुष, दुसरी पुरुष. म्हणजे मी आणि लो-बाक. बरोबर?"

"बरोबर."

"तिसरी बाई. चिंग-हेइ. चौथी बाई."

"मी," मी म्हणाले.

"पाचवा बसला कोण?"

"सेटो सर."

"पाचवी नळीही बाई आहे."

मी डोळे पुसून परत पाहिलं.

"आणि शेवटी बसली पून-जे. पण सहावी नळी पुरुषाची आहे. आता सांग, आ-शान. आपले सेटो सर बाई झाले, की पून-जेला मिशा फुटल्या?"

६

"चुकून अदलाबदल झाली असेल," मी म्हणाले. "सरांची आणि पून-जेची."

"मलाही आधी तसंच वाटलं. तसं असतं तर चौथी तूच. पण बावीस वर्षांत तिच्या हातून एक तरी चिकटपट्टी चुकलीय का? चल माझ्याबरोबर."

त्यांनी मला लिफ्टमध्ये नेलं. दार बंद झालं, पण त्यांनी बटण दाबलं नाही.

"आपण कितव्या मजल्यावर आहोत?"

"पाचव्या."

"तळमजला सोडून खालून मोज."

मोजायची गरजच नव्हती. लिफ्टच्या बटणांवर एक, दोन, तीन, आणि मग एकदम पाच. चौदाही नाही, चोवीसही नाही. जन्मापासून बघतेय मी या लिफ्टा. माझ्या मामाच्या इमारतीत नाही, माझ्या शाळेत नव्हता, चाराचा मजला कुठेच नसतो. आमच्या बोलीत चार म्हणायला गेलं की मरण म्हटल्यासारखं ऐकू येतं. फोन नंबरात माणसं चार घेत नाहीत. लग्नाच्या आहेरात चाराचा आकडा घातला तर पाहुणे परत जातील.

"आपण खरे चौथ्या मजल्यावर आहोत आणि त्याला पाचवा म्हणतो," सिफू म्हणाले. "आता पून-जे कशी ते बघ. ती पेशंटला चार नंबरच्या खाटेवर झोपवत नाही, खाट दुरुस्तीला दिलीय म्हणून सांगते. तिच्यापुढे चौथी कोण येऊन बसली? तू. बाप याच रोगाने गेलेली, हात धरून बसवावी लागलेली. ती तुझ्या नळीवर चार लावेल?"

"नाही," मी म्हणाले.

"तुला तिने पाच लावला. म्हणून पाचवी नळी बाई. सरांना सहा. म्हणून सहावी पुरुष. सगळं बसतं. चिकटपट्ट्या छापील, सहाच होत्या. ती शेवटी बसली तेव्हा एकच उरली होती."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, आधी तेच झालं. मी नाही! मी वाचले! भिंतीला टेकून मी एकदा पोटभर श्वास घेतला, आणि तो सोडायच्या आतच मला तो लाल डबा आठवला. इकडून बोल, या कानात पाणी गेलंय. किती दिवस झाले होते तिला तसं म्हणून? नवीन वर्षाच्या आधीपासून. एका बाजूचा कान गच्च होणं. मी स्वतः टाइप केलेल्या प्रत्येक कागदावर पहिल्या ओळीत असतं ते.

"सिफू, तिचा उजवा कान..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "सकाळीच पाहिलं मी. आणि चार नंबरचं मी काल फक्त तिलाच बोललो होतो. पण कान कुणाचाही बिघडतो. म्हणून आधी आकड्यांची खात्री केली."

लिफ्टचं दार उघडलं. बाहेर सेटो सर उभे होते, हातात नळीचा डबा. पाचला दहा कमी होते.

"सर, पाच मिनिटं थांबा," सिफू म्हणाले.

"कशासाठी?"

सिफूंनी माझ्याकडे पाहिलं. "जा. मी सांगितलं तर ती हसण्यावारी नेईल. तू सांग."

४

पून-जे तिच्या टेबलाशी रिकामे डबे आवरत होती. मी मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले.

"पून-जे."

तिने वर पाहिलं नाही.

मी डाव्या बाजूला गेले. "पून-जे. माझ्या नळीवर पाच लावलास ना?"

तिचे हात थांबले. मग तिने लाल डब्याच्या तळाचा कागद उचलला. त्याखाली ते पान होतं, नीट चार घड्या घातलेलं. जाळून टाकायला धीर झाला नसावा. त्यावर सगळ्यांची नावं होती.

"सिफूंनी काल जाताना विचारलं, ही वही कुठे असते," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडाकडे बघूनच धस्स झालं. कुणाचं निघालं विचारलं तर म्हणाले, चार नंबरचं. मग म्हटलं, दहाच दिवस. आदल्या रात्री पोरीचे केस विंचरायचा विधी होऊ दे, लग्नात सासूसासऱ्यांना चहा पाजू दे तिला. मग सांगणारच होते."

"पाच वाजता सर नळी टाकणार होते."

"तेही बरंच वाटलं मला. नळीच नाही म्हटल्यावर..." तिने वाक्य सोडून दिलं. "नर्स असून असं वाटलं बघ. बावीस वर्षं लोकांना ओरडतेय, लवकर का नाही आलात म्हणून."

"तू माझा चार घेतलास."

"वेडी आहेस का? चिकटपट्टीने रोग होतो होय? अगं, उरली होती ती. टाकून कशाला द्यायची?" ती हसली आणि मग तिचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. "आ-शान, मला भीती वाटतेय गं. फार भीती वाटतेय. पोरीचा बापही नाही."

सकाळपासून मला जे वाटत होतं ते सगळं तिला आदल्या संध्याकाळपासून वाटत होतं आणि ती आम्हाला मिठाई खाऊ घालत होती. मी मोरीत काय मागितलं होतं ते तिला सांगावं असं फार वाटलं. नाही सांगितलं. तिचा हात धरला आणि म्हटलं, "लहान आहे ते. सिफू म्हणाले, आत्ता कुठे सुरुवात आहे. किरणांनी जातं. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"लग्नानंतर जाऊ."

"आत्ता जाऊ. पोरीला लग्नात आई हवीय आणि बाळंतपणातही हवीय. ऊठ."

ती उठली. इतका वेळ आम्ही दोघी कुजबुजतच बोलत होतो, हे मला तेव्हा कळलं.

वर नाक-कान-घशाच्या विभागात संध्याकाळची गर्दी होती. तिला बाकावर बसवून मी नंबर घ्यायच्या यंत्रापाशी गेले. बटण दाबलं. चिठ्ठी बाहेर आली. चौदा.

चौदा म्हणजे आमच्याकडे नक्की मरण. लिफ्टवाल्यांना अक्कल आहे, पण या यंत्राला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी ती चिठ्ठी खिशात कोंबली, परत बटण दाबलं आणि पंधरा नंबर नेऊन तिच्या हातात दिला.

तिने चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही हात धरून बसलो. तिच्या बाहीला उदबत्तीचा वास होता.

"तेरा," खिडकीतल्या बाईने पुकारलं. एक म्हातारे गृहस्थ उठून आत गेले आणि दहा मिनिटांनी बाहेर आले.

"चौदा."

कुणी उठलं नाही.

"चौदा! चौदा नंबर कोण आहे?"

लोक इकडेतिकडे बघायला लागले. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. पून-जेने माझ्या खिशाकडे पाहिलं आणि कोपराने मला ढोसलं.

"ऊठ गं आ-शान, तुला पुकारतायत," ती म्हणाली. "आलीच आहेस तर तुझंही नाक दाखवून घे. रुमालावरचं रक्त मला दिसत नाही असं वाटतं तुला?"

मी उठले.